स्वयंपाकघरातील धातू आणि प्रकाशाचे विज्ञान : ॲल्युमिनियमच्या नॅनोकणांतील पृष्ठीय प्लाझ्मॉनचा ऐतिहासिक आढावा

सारांश

धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश पडला असता त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन एकत्रितपणे आंदोलित होतात. या आविष्कारास पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन असे म्हणतात. त्याचा इतिहास बहुधा सोने आणि चांदी या दोन धातूंच्या आधारे सांगितला जातो. वास्तविक पृष्ठीय प्लाझ्मॉनचा पहिला निःसंदिग्ध प्रायोगिक पुरावा १९५९ साली ॲल्युमिनियमच्या पातळ थरात मिळाला होता. असे असूनही पुढील सुमारे पन्नास वर्षे या धातूच्या नॅनोकणांकडे प्रकाशशास्त्राचे फारसे लक्ष गेले नाही. प्रस्तुत निबंधात या विलंबाची कारणे तपासली असून, ती धातूच्या मोलात नसून मानवी डोळा, पाणी आणि हवा या तीन मर्यादांत होती, असे प्रतिपादन केले आहे. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गवती चहाच्या साहाय्याने झालेल्या सुवर्णकणांच्या निर्मितीचे उदाहरण या संदर्भात तपासले आहे.

बीजशब्द : ॲल्युमिनियम, नॅनोकण, पृष्ठीय प्लाझ्मॉन, कलिल, गवती चहा, विज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात, सुरत–धुळे महामार्गावर वसलेले विसरवाडी हे आदिवासीबहुल परिसरातील गाव होय. या परिसरात, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात, चांदी अंगावर दागिन्याच्या रूपाने दिसते आणि ॲल्युमिनियम चुलीवर पातेल्याच्या रूपाने. मराठी बोलण्यात या धातूच्या भांड्यांना आजही ‘जर्मनची भांडी’ म्हटले जाते. ज्या धातूला लोकव्यवहारात स्वतःचे नावही धडपणे लाभले नाही, त्याला प्रतिष्ठा लाभणे दूरच राहिले. तांबे, पितळ, कांसे यांच्याभोवती जशी विधी आणि परंपरेची वलये आहेत, तसे कोणतेही वलय ॲल्युमिनियमभोवती नाही.

विज्ञानाच्या अभ्यासक्रमातही काहीसे असेच घडले आहे. २००१ साली भारत सरकारने नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान उपक्रम सुरू केला आणि २००७ साली ‘नॅनो मिशन’ अस्तित्वात आले. त्यानंतर महाविद्यालयीन स्तरावर या विषयाचा प्रसार झपाट्याने झाला. विद्यार्थ्यांना सोन्याच्या कलिलाचा माणकासारखा लाल रंग आणि चांदीच्या कलिलाचा पिवळा रंग शिकविला जातो. ॲल्युमिनियमचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. त्यामुळे प्रकाशाशी असे नाते केवळ मौल्यवान धातूंचेच असते, असा समज नकळत दृढ होतो. हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकतो काय, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ॲल्युमिनियम या धातूच्या सामाजिक स्थानाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) पृष्ठीय प्लाझ्मॉनच्या शोधातील ॲल्युमिनियमचे स्थान स्पष्ट करणे.
३) या धातूच्या नॅनोकणांचा अभ्यास लांबणीवर का पडला, याची कारणमीमांसा करणे.
४) महाराष्ट्रातील नॅनो संशोधनाच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

राजदरबारातून चुलीपर्यंत

भूकवचात वजनाने सुमारे ८ टक्के असलेला ॲल्युमिनियम हा सर्वांत विपुल धातू होय. परंतु ऑक्सिजनशी त्याचे बंध इतके घट्ट असतात की तो निसर्गात मूळ धातुरूपात सहसा सापडत नाही. १८२५ साली डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी आणि १८२७ साली जर्मनीच्या फ्रीडरिख व्होलर यांनी तो अल्प प्रमाणात वेगळा केला. १८५४ साली फ्रान्सच्या आंरी सँत-क्लेअर दव्हील यांनी सोडियमच्या साहाय्याने त्याचे उत्पादन शक्य केले, तरी तो दुर्मिळच राहिला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचा समावेश नवलाच्या वस्तूंत झाला होता आणि १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसविण्यासाठीही तो निवडला गेला.

१८८६ साली परिस्थिती पालटली. अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयातून नुकताच पदवीधर झालेला चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू या दोन समवयस्क तरुणांनी, परस्परांशी संबंध नसताना, एकाच वर्षी विद्युत अपघटनाची पद्धत शोधून काढली. हॉलला या प्रश्नाची गोडी लागली ती त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक फॅनिंग ज्युएट यांच्यामुळे. एका लहान महाविद्यालयातील अध्यापनाने एका धातूचे भवितव्य बदलावे, ही बाब अध्यापकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८८८ साली कार्ल योझेफ बायर यांनी बॉक्साइटपासून शुद्ध ॲल्युमिना मिळविण्याची पद्धत शोधली आणि हा धातू सामान्यांच्या आवाक्यात आला.

भारतात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडविण्याचा उद्योग सुरू केला. देशांतर्गत धातूचे उत्पादन १९४३ साली केरळमधील अलुपुरम येथे सुरू झाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहता कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील जांभ्याच्या पठारांवर बॉक्साइटचे साठे आहेत. कोल्हापूर परिसरातील खनिज बेळगावच्या कारखान्याला पुरविले गेले. १९८९ साली नागपूर येथे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्राची स्थापना झाली. तात्पर्य, या धातूची खाण, त्यावरील संशोधन आणि त्याचा घरोघरचा वापर या तिन्ही गोष्टी मराठी मुलखाला परिचित आहेत. अपरिचित राहिले ते त्याचे प्रकाशाशी असलेले नाते.

कलिलाचा रंग : पूर्वपीठिका

धातूच्या सूक्ष्म कणांमुळे काचेला रंग येतो, ही गोष्ट कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला चौथ्या शतकातील रोमन लायकर्गस चषक बाहेरून उजेड पडला असता हिरवा आणि आतून उजेड आला असता लाल दिसतो. त्याच्या काचेत सोने व चांदी यांचे अतिसूक्ष्म कण आहेत. अशा उदाहरणांवरून प्राचीनांना ‘नॅनो तंत्रज्ञान’ अवगत होते, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. परंतु कौशल्य आणि कारणज्ञान यांत भेद करणे आवश्यक आहे. कारागिराला रंग साधता येत होता. रंग का येतो, हा प्रश्न मात्र त्याच्या पद्धतीत नव्हता.

हा प्रश्न प्रयोगशाळेत प्रथम गांभीर्याने मांडला तो मायकेल फॅरेडे यांनी. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात त्यांनी सोन्याच्या क्षाराचे फॉस्फरसच्या साहाय्याने क्षपण करून मिळविलेल्या लाल द्रवांचे वर्णन केले आणि हा रंग धातूच्याच सूक्ष्म कणांचा असल्याचे प्रतिपादन केले. १९०८ साली जर्मनीतील गुस्ताव मी यांनी मॅक्सवेलची समीकरणे गोलाकार कणाला लावून त्या रंगाचे गणित मांडले. रिखार्ड झिगमोंडी यांना कलिलांवरील कार्यासाठी १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सर्व टप्प्यांवर केंद्रस्थानी प्रामुख्याने सोने होते. त्याचे कारण साधे आहे. सोन्याच्या लहान गोलाकार कणांचे अनुस्पंदन पाण्यात सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या हिरव्या भागात येते. हिरवा प्रकाश शोषला गेला की उरलेला प्रकाश लाल दिसतो. त्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नसते, डोळा पुरेसा होतो.

ॲल्युमिनियमची साक्ष : १९५७ ते १९६०

विसाव्या शतकाच्या मध्यास डेव्हिड बोम आणि डेव्हिड पाइन्स यांनी धातूतील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनाचा सिद्धांत विकसित केला. या आंदोलनाची वारंवारता मुक्त इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. सोने आणि चांदी यांचा प्रत्येक अणू साधारण एक मुक्त इलेक्ट्रॉन देतो. ॲल्युमिनियमचा अणू तीन देतो. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या अंतर्भागातील प्लाझ्मॉनची ऊर्जा सुमारे १५ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी जास्त असते. शिवाय या धातूचे वर्तन आदर्श मुक्त इलेक्ट्रॉन वायूच्या पुष्कळ जवळ जाणारे असल्याने सिद्धांताची कसोटी घेण्यास तो अत्यंत सोयीचा ठरला.

१९५७ साली अमेरिकेतील रूफस रिची यांनी असे दाखविले की, पातळ थरातून वेगवान इलेक्ट्रॉन जात असता त्यांची ऊर्जा केवळ अंतर्भागातील आंदोलनामुळेच नव्हे, तर पृष्ठभागाशी निगडित अशा दुसऱ्या, कमी ऊर्जेच्या आंदोलनामुळेही घटली पाहिजे. सपाट पृष्ठभागासाठी ही ऊर्जा अंतर्भागातील ऊर्जेला २ च्या वर्गमुळाने भागले असता मिळते. १५ ला १.४१ ने भागल्यास सुमारे १०.६ ही संख्या येते. १९५९ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील सी. जे. पॉवेल आणि जे. बी. स्वान यांनी ॲल्युमिनियमच्या ताज्या थरावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून ऊर्जेतील घट मोजली. ती १५.३ आणि १०.३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पटीत आढळली. पहिली संख्या अंतर्भागाची, दुसरी पृष्ठभागाची. सिद्धांत आणि मोजमाप यांचा असा स्पष्ट मेळ ॲल्युमिनियमने घडवून आणला.

याच संशोधकांनी १९६० साली आणखी एक महत्त्वाची बाब नोंदविली. थरावर ऑक्साइडचे आवरण चढू लागताच १०.३ ची घट क्षीण होऊन तिच्याऐवजी सुमारे ७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास नवी घट दिसू लागली. त्याच वर्षी ई. ए. स्टर्न आणि आर. ए. फेरेल यांनी ऑक्साइडचा अगदी पातळ थरही पृष्ठीय आंदोलन बदलतो, असे सैद्धांतिक विवेचन केले. पृष्ठभागावरील किंचित बदल प्लाझ्मॉनच्या स्थानावरून ओळखता येतो, हे तत्त्व आज संवेदकांचा पाया मानले जाते. त्याचा एक आरंभीचा आणि ठळक दाखला या साध्या धातूच्या गंजण्यात मिळाला, ही बाब इतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

विलंबाची तीन कारणे

असा प्रारंभ होऊनही पुढील पाच दशके नॅनोकणांच्या प्रकाशशास्त्रात सोने व चांदी यांचेच वर्चस्व राहिले. स्वस्त धातूविषयीच्या अनास्थेमुळे असे घडले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. याच काळात दुर्बिणींच्या आरशांसाठी ॲल्युमिनियमचा सर्रास वापर होत होता. माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर १९३५ साली चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा थर देण्यात आला, कारण तो अतिनील किरणही परावर्तित करतो आणि चांदीप्रमाणे काळवंडत नाही. म्हणजे प्रकाशशास्त्राला या धातूचे वावडे नव्हते. अडचण नॅनोकणांच्या बाबतीत होती आणि तिची कारणे तीन होती.

पहिले कारण डोळा व हवा यांच्याशी संबंधित आहे. लहान गोलाकार कणासाठी अनुस्पंदनाची ऊर्जा अंतर्भागातील ऊर्जेला ३ च्या वर्गमुळाने भागून मिळते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ती निर्वातात सुमारे ८.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे तरंगलांबीत सुमारे १४३ नॅनोमीटर येते. दृश्य प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरला सुरू होतो. इतकेच नव्हे, तर सुमारे १९० नॅनोमीटरच्या खाली हवेतील ऑक्सिजन स्वतःच प्रकाश शोषू लागतो. त्यामुळे महाविद्यालयांत वापरला जाणारा वर्णपटमापकही तेथेच थांबतो. ॲल्युमिनियमचे लहान शुद्ध कण डोळ्यांना रंग दाखवीत नाहीत आणि नेहमीच्या उपकरणालाही सापडत नाहीत. त्यांचे अस्तित्व प्रथम निर्वातातील इलेक्ट्रॉन शलाकेलाच जाणवले, यात नवल नाही.

दुसरे कारण पाण्याचे आहे. सोन्याचा व चांदीचा क्षार पाण्यात विरघळवून सौम्य क्षपणकारक मिसळला की धातूचे कण तयार होतात. १९५१ साली जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सायट्रेटच्या साहाय्याने सुवर्णकण बनविण्याच्या पद्धतीचा सखोल अभ्यास केला आणि ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. चांदीचे प्रमाण क्षपण विभव धन ०.८० व्होल्ट आहे, तर ॲल्युमिनियमचे ऋण १.६६ व्होल्ट. ॲल्युमिनियमच्या आयनांचे पाण्यात क्षपण करू गेल्यास त्यांच्याआधी पाण्याचेच क्षपण होऊन हायड्रोजन निघतो. म्हणून ज्या सुलभ ओल्या रसायनशास्त्रावर नॅनो विज्ञानाची उभारणी झाली, त्याची दारे या धातूला बंद होती.

तिसरे कारण ऑक्साइडचे होय. हवेचा स्पर्श होताच ॲल्युमिनियमवर साधारण २ ते ४ नॅनोमीटर जाडीचे ऑक्साइडचे आवरण तयार होते. पातेल्याच्या बाबतीत ते नगण्य व उपकारक ठरते. धातू पुढे गंजत नाही. परंतु १० नॅनोमीटर व्यासाच्या कणाच्या बाबतीत तेच आवरण कणाचा बराच भाग व्यापते. याशिवाय सूक्ष्म ॲल्युमिनियम चूर्ण ज्वालाग्राही असल्याने त्याची हाताळणीही जोखमीची असते.

पुण्यातील दाखला : गवती चहा आणि सोने

या कारणमीमांसेची सत्यता महाराष्ट्रातील एका उदाहरणाने चांगली पटते. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००० नंतरच्या काही वर्षांत जैविक मार्गाने नॅनोकण बनविण्याचे काम केले. २००१ साली बुरशीच्या साहाय्याने सोन्याचे व चांदीचे कण मिळविल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. जिरॅनियम आणि कडुनिंब यांच्या पानांवरही त्यांनी प्रयोग केले. २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात एस. शिव शंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंग, अबसार अहमद आणि मुरली शास्त्री यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला असता त्रिकोणी आकाराचे पातळ सुवर्णकण तयार होतात आणि ते अवरक्ताच्या जवळच्या प्रकाशाचे शोषण करतात, असे त्यात दाखविले होते.

या कार्याचे महत्त्व दुहेरी आहे. एक म्हणजे कणाचा आकार बदलला की शोषणाची तरंगलांबी बदलते, हे तत्त्व परसातील वनस्पतीच्या साहाय्याने सिद्ध झाले. दुसरे म्हणजे साध्या काचपात्रात, घातक रसायनांविना संशोधन होऊ शकते, असा विश्वास निर्माण झाला. वनस्पतींच्या अर्कापासून सोन्या-चांदीचे कण बनविण्याचा विषय पुढे देशातील अनेक महाविद्यालयांनी उचलला, यामागे ही सुलभता होती. याच काळात पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने नॅनोकणांच्या भौतिकशास्त्रावर संशोधन व ग्रंथलेखन केले.

परंतु येथेच मर्यादाही स्पष्ट होते. गवती चहाचा अर्क सोन्याचे क्षपण करू शकतो, ॲल्युमिनियमचे करू शकत नाही. संशोधकांची इच्छा वा निष्ठा कितीही असली, तरी पाण्यातील रसायनशास्त्र त्यांना उदात्त धातूंकडेच नेणार होते. म्हणून सोन्यावर झालेला भर ही केवळ परंपरेची वा प्रतिष्ठेची ओढ नव्हती. उपलब्ध साधनांनी घडविलेली ती वाट होती.

पुनरागमन : २००८ नंतर

साधने बदलली तेव्हा धातूचे स्थानही बदलले. इलेक्ट्रॉन शलाकेने व तत्सम तंत्रांनी पृष्ठभागावर हव्या त्या आकाराच्या रचना कोरता येऊ लागल्या. २००८ साली स्वीडनमधील ख्रिस्टोफ लँगहॅमर आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या चकत्यांवर, तर अमेरिकेतील जॉर्ज शॅट्झ आणि रिचर्ड व्हॅन डायन यांच्या गटाने त्रिकोणी कणांवर केलेले अभ्यास प्रसिद्ध झाले. कणाचा आकार मोठा व चपटा केल्यास अनुस्पंदन अतिनील भागातून दृश्य भागापर्यंत आणता येते, हे त्यांतून दिसून आले.

ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठातील नाओमी हालास आणि पीटर नॉर्डलँडर यांच्या गटाने हा विषय पुढे नेला. मार्क नाइट आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या निबंधात धातूच्या अंतर्भागात मिसळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण अनुस्पंदनाचे स्थान ठरविते, असे दाखविले गेले. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्परांशी का जुळत नव्हते, याचा उलगडा त्यामुळे झाला. २०१५ साली याच विद्यापीठातून पाण्याऐवजी कार्बनी द्रावकात ॲल्युमिनियमचे सुमारे ७० ते २२० नॅनोमीटर आकाराचे स्फटिक बनविण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. अर्धशतकापूर्वी बंद असलेले रसायनशास्त्राचे दार अशा रीतीने किलकिले झाले.

ज्या गुणधर्मांमुळे हा धातू मागे पडला होता, तेच गुणधर्म आता उपयोगी ठरू लागले. सोन्यामध्ये सुमारे ५०० नॅनोमीटरच्या खाली आंतरपट्ट संक्रमणामुळे अनुस्पंदन विझते. ॲल्युमिनियममध्ये असे संक्रमण ८०० नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात असल्याने अतिनील भाग मोकळा राहतो. अनेक जैविक रेणू अतिनील प्रकाश शोषत असल्याने त्यांच्या अभ्यासासाठी हा धातू उपयुक्त आहे. ऑक्साइडचे आवरण एका मर्यादेनंतर वाढत नसल्याने तेच कवचाचे काम करते. शाईविना रंग उमटविण्यासाठी, तसेच प्रकाशाच्या साहाय्याने रासायनिक अभिक्रिया घडविण्यासाठीही ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म रचना वापरण्यात आल्या आहेत.

निष्कर्ष

१) पृष्ठीय प्लाझ्मॉनच्या इतिहासात ॲल्युमिनियम हा उशिरा आलेला धातू नाही. सिद्धांताची पहिली स्पष्ट पुष्टी त्यानेच दिली. उशीर झाला तो त्याच्या नॅनोकणांच्या निर्मितीला व मापनाला.

२) हा विलंब प्रामुख्याने साधनांचा होता. सोन्याचा रंग डोळ्यांना दिसतो व त्याचे कण पाण्यात बनतात. ॲल्युमिनियमचे अनुस्पंदन डोळ्यांच्या पलीकडे असते व त्याचे कण पाण्यात बनत नाहीत. एखाद्या पदार्थाचे वैज्ञानिक मोल हे त्याच्या बाजारभावावर जसे अवलंबून नसते, तसे ते केवळ त्याच्या गुणधर्मांवरही अवलंबून नसते. पाहण्याची आणि घडविण्याची साधने त्यात निर्णायक ठरतात.

३) नॅनो विज्ञानाचे अध्यापन केवळ सोन्या-चांदीच्या कलिलांपुरते मर्यादित ठेवल्यास जे प्रयोगशाळेत सहज दिसते तेवढेच अस्तित्वात आहे, असा चुकीचा बोध विद्यार्थ्यांना होण्याचा संभव आहे. सोन्याच्या कलिलाचा प्रयोग करून घेताना ॲल्युमिनियमचे गणित सोबत मांडले, तर उपकरणाची मर्यादा कोठे संपते आणि निसर्गाची कोठे सुरू होते, हे कोणताही अतिरिक्त खर्च न करता शिकविता येईल.

४) ग्रामीण व आदिवासी भागातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या घरी जो धातू रोज घासला जातो, त्याच धातूच्या पृष्ठभागावर १९५९ साली भौतिकशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न सुटला होता. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा अध्यापनाचा आवश्यक भाग मानला पाहिजे.